कासववाले गणितज्ञ : सीमोर पॅपर्ट

मूल किती वर्षांचं झालं की त्याच्या हातात कॉम्प्युटर द्यावा? हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. आजी म्हणते, डोळे खराब होतील. बाबा म्हणतात, आत्तापासून शिकला नाही तर मागे पडेल. आणि ज्याच्यावरून एवढा वाद चाललेला असतो तो पठ्ठ्या आईच्या मोबाइलवर तिसरं कार्टून लावून बसलेला असतो. आमच्या मेसमध्येसुद्धा हा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात, लवकर द्या म्हणणारे आणि अजिबात देऊ नका म्हणणारे. पोळ्या संपतात, वरण थंड होतं, पण वाद काही मिटत नाही.

मित्रांनो, हाच प्रश्न एका माणसाने १९६०च्या दशकात विचारला होता. तेव्हा एक कॉम्प्युटर ठेवायला अख्खी खोली लागायची, त्याची किंमत ऐकून युनिव्हर्सिट्यांना घाम फुटायचा. अशा काळात हा माणूस सांगत होता की उद्या प्रत्येक लहान मुलाकडे स्वतःचा कॉम्प्युटर असेल आणि असायलाच हवा. लोक हसले. त्या माणसाचं नाव सीमोर पॅपर्ट.

नाव ऐकलेलं नसेल, पण त्यांचं कासव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना भेटलेलं आहे. माझ्यासारखे जे कॉन्व्हेंटमध्ये शिकले त्यांना तिसरी-चौथीतलं लोगो आठवत असेल. पांढऱ्या स्क्रीनच्या मध्ये एक छोटासा त्रिकोण, त्याला टीचर टर्टल म्हणायच्या. फॉरवर्ड १००, राइट ९०, असं चार वेळा लिहिलं की चौकोन. आम्ही चौकोन काढला, कमांड्स वहीत उतरवल्या, परीक्षेत एलटीचा फुल फॉर्म आला, एक मार्क मिळाला आणि विषय संपला. हे कासव कुणाच्या डोक्यातून आलं, कशासाठी आलं, हे मला थेट इंजिनिअरिंगला आल्यावर लायब्ररीत त्यांचं एक पुस्तक हाताला लागलं तेव्हा कळलं. आणि खरं सांगते, थोडा रागच आला.

पॅपर्ट यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, तारीख २९ फेब्रुवारी १९२८. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा! वडील कीटकशास्त्रज्ञ होते, पण पोराला किड्यांपेक्षा मोटारींचं वेड. दोन वर्षांचा होण्याआधीच त्याला गाडीच्या पार्ट्सची नावं पाठ झाली होती. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल हे त्याचे विशेष लाडके. गिअर म्हणजे नक्की काय हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली, पण एकदा कळल्यावर त्याचं खेळणंच ते झालं. गोल वस्तू एकमेकांना लावून फिरवायच्या आणि एक फिरली की दुसरी किती फिरते ते बघायचं. पुढे तर चाकं हातात घ्यायचीही गरज उरली नाही, ती डोक्यातच फिरायला लागली. शाळेत पाढे आले तेव्हा सीमोरला ते गिअरसारखे दिसले. दोन अज्ञातांची समीकरणं आली, तेव्हा तर त्याला जुना दोस्त भेटल्यासारखं झालं, कारण समोर डिफरन्शिअल उभा होता.

आमच्या मेकॅनिकलवाल्यांना हे लगेच पटेल. बाकी ब्रँचसाठी थोडक्यात सांगते. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. इंजिनकडून येणारी गती एकच, पण ती दोन चाकांत कशी वाटायची हे ठरलेलं नसतं, रस्ता ठरवतो. एक वाढलं तर दुसरं तेवढं कमी होणार, बेरीज तीच. एक्स आणि वाय यांचं नातं ह्यापेक्षा वेगळं काय असतं? आपण हे थिअरी ऑफ मशीन्सला सेकंड इयरमध्ये शिकलो. तोपर्यंत समीकरणं घोकून झाली होती आणि डिफरन्शिअलचं पुन्हा नव्याने टेन्शन आलं. सीमोरचं मात्र उलट झालं, आधी चाकावर जीव जडला आणि मग समीकरण.

मोठेपणी पॅपर्ट यांनी ह्या आठवणीवर खूप विचार केला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, सगळ्या मुलांना गिअरचे सेट वाटू. पॅपर्ट यांनी तसं म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की, गिअरवर माझं प्रेम बसलं म्हणून गणित माझं झालं. दुसऱ्या पोराचं प्रेम गाण्यावर असेल, तिसऱ्याचं चित्रावर, चौथ्याचं नुसतं बडबड करण्यावर. प्रत्येकाला पुरेल अशी एकच वस्तू कुठे मिळणार? आणि इथे त्यांना कॉम्प्युटर दिसला. ज्याला जे हवं ते रूप घेणारं एकमेव यंत्र. गाणं म्हणा गाणं, चित्र म्हणा चित्र. कॉम्प्युटर लवकर द्या ह्या त्यांच्या सगळ्या आग्रहाचं मूळ हे आहे. नोकरी लागेल, मार्क वाढतील, जगाच्या स्पर्धेत टिकेल, ह्यातलं एकही कारण त्यांच्या डोक्यात नव्हतं.

असो. मधला प्रवास भराभर सांगते, नाहीतर लेख संपायचा नाही.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचं राज्य. शाळकरी वयात सीमोरने घरकाम करणाऱ्या निरक्षर कृष्णवर्णीय लोकांसाठी संध्याकाळचे वर्ग काढायचा घाट घातला होता. मोठ्यांनी परवानगी नाकारली. नाकारताना जी कारणं दिली गेली ती इतकी विचित्र होती की, शहाणीसुरती माणसं असा विचार करतातच कशी, हा प्रश्न त्याच्या डोक्यात कायमचा बसला. माणूस विचार कसा करतो ह्या विषयाकडे ते वळले त्याचं एक टोक इथे आहे. विटवॉटर्सरँड युनिव्हर्सिटीतून १९४९ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी, १९५२ मध्ये गणितात डॉक्टरेट. वर्णभेदविरोधी चळवळीत असल्यामुळे सरकारचा डोळा होताच. मग इंग्लंड, आणि १९५९ मध्ये केंब्रिजची आणखी एक डॉक्टरेट, तीही गणितातच. आपली एक डिग्री होता होत नाही!

ह्याच सुमाराला, १९५८ मध्ये, ते जिनिव्हाला झाँ पियाजे यांच्याकडे गेले आणि १९६३ पर्यंत तिथे राहिले. पियाजे म्हणजे बालमानसशास्त्रातलं फार मोठं नाव. लहान मूल म्हणजे रिकामा माठ आणि शिक्षक म्हणजे पाणी ओतणारा, ही समजूत पियाजेंनी मोडून काढली. त्यांचा एक प्रयोग सगळ्यांना करून बघता येईल. पसरट भांड्यातलं पाणी चार-पाच वर्षांच्या मुलासमोर उंच ग्लासात ओता आणि विचारा, पाणी जास्त झालं का? मूल म्हणतं, हो. आपण म्हणतो, चुकलं. पियाजे म्हणाले, चुकलं नाही, त्याने स्वतःची एक थिअरी बांधली आहे, उंच म्हणजे जास्त. काही काळाने ते स्वतःच ती थिअरी मोडेल आणि नवी बांधेल. पॅपर्ट यांनी हे सगळं घेतलं, पण एक भर घातली. घर बांधायचं तर विटा लागतात. मुलाच्या आजूबाजूला ज्या गोष्टींच्या विटा पडलेल्या असतात ते त्याला न शिकवता येतं, ज्यांच्या नसतात ते अवघड जातं. बोलणं सगळ्यांना येतं कारण घरात सगळे बोलतात. गणित सगळ्यांना येत नाही, कारण आजूबाजूला गणित बोलणारं कुणी नसतं. फ्रेंच शिकायचं तर फ्रान्समध्ये राहावं, तसं गणित शिकायला एखादा गणिताचा देश असायला हवा. आम्ही मुली मुलींच्या हॉस्टेलवर राहून नागपूरकडची मराठी कशी शिकलो ते आठवलं की मला हे शंभर टक्के पटतं. कुणी क्लास घेतला नव्हता.

गणिताचा तो देश त्यांना अमेरिकेत सापडला. १९६० मध्ये लंडनच्या एका परिषदेत पॅपर्ट आणि मार्विन मिन्स्की एकमेकांना न ओळखता जवळजवळ एकच निष्कर्ष मांडणारे पेपर घेऊन हजर झाले होते. तिथे जी दोस्ती जमली ती पॅपर्टना एमआयटीला घेऊन गेली. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेचे दोघे मिळून प्रमुख झाले. ज्यांनी मशीन लर्निंगचं इलेक्टिव्ह घेतलंय त्यांना एक्सॉरचा किस्सा माहीत असेल, एका लेअरच्या पर्सेप्ट्रॉनला एक्सॉर जमत नाही. तो ज्या पुस्तकामुळे गाजला ते १९६९ सालचं पुस्तक ह्याच दोघांचं. न्यूरल नेटवर्कवरचं संशोधन पुढे बरीच वर्षं थंड पडलं, त्याचं खापर लोक अजून त्या पुस्तकावर फोडतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुख्य गोष्ट घडली १९६७ मध्ये. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजमध्ये बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाची एक कंपनी होती. तिथे वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि पॅपर्ट यांनी मुलांसाठी एक प्रोग्रामिंग लँग्वेज तयार केली. नाव लोगो, ग्रीक शब्दावरून, अर्थ शब्द. सुरुवातीला त्यात कासव नव्हतंच! शब्द आणि वाक्यं जुळवायची, तोडायची, खेळ बनवायचे. स्क्रीनही नव्हता. मुलं टेलिटाइपवर, म्हणजे टाइपरायटरसारख्या खडखडणाऱ्या यंत्रावर टाइप करायची, लांबच्या कॉम्प्युटरकडे ते टेलिफोनच्या तारेवरून जायचं आणि उत्तर कागदावर छापून यायचं.

१९६८-६९ मध्ये लेक्सिंग्टनच्या एका शाळेत सातवीच्या मुलांना वर्षभर लोगो शिकवलं. त्यातली एक तेरा वर्षांची मुलगी, अभ्यासात बेताची. तिने कॉम्प्युटरला कविता करायला लावायचं ठरवलं. शब्दांच्या याद्या दिल्या आणि त्यातून कुठलेही उचलून वाक्य कर म्हणून सांगितलं. बाहेर पडलं ते सगळं अगम्य. मग तिच्या लक्षात आलं की शब्दांचे गट पाडायला हवेत, ह्या जागी ह्या गटातला शब्द, त्या जागी त्या गटातला. आणि एक दिवस तिला उलगडा झाला की नाम आणि क्रियापद हे प्रकरण कशासाठी असतं! इतकी वर्षं शाळेने तिला व्याख्या पाठ करून घेतली होती, पण तिचा उपयोग काय हे कधी दिसलंच नव्हतं. ह्या मुलीची गोष्ट पॅपर्ट यांच्या पुस्तकात वाचली आणि मला माझं मराठी व्याकरण आठवलं. विभक्तीचा तक्ता मला आजही स ला ते स ला ना ते असा गाणं म्हटल्यासारखा येतो, पण वाक्य लिहिताना तो कधी उपयोगी पडलेला नाही. संपादक मंडळाला विचारा.

त्याच शाळेतली आणखी एक गोष्ट. गणिताच्या वर्गाकडे जाताना वाटेत चित्रकलेचा वर्ग लागायचा. तिथली मुलं साबणाच्या वड्यांतून मूर्ती कोरत होती. पॅपर्ट रोज जाता-येता थांबून बघायचे. एकच मूर्ती आठवडेच्या आठवडे चाललेली, मुलं मध्येच थांबतात, विचार करतात, शेजारच्याचं बघतात, सुचेल ते बदलतात. आणि शेजारच्या गणिताच्या वर्गात? एक गणित, पाच मिनिटं, बरोबर किंवा चूक, पुढचं गणित. गणित साबणासारखं कोरता का येऊ नये, हा प्रश्न त्यांनी तिथून उचलला. आपल्याकडे अजूनही कुणी उचललेला नाही.

कासव आलं ते नंतर, १९६९ च्या सुमारास. कल्पना थोडी उसनी होती. ब्रिस्टलचे मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी उजेडाकडे आपोआप सरकणारी यांत्रिक कासवं बनवली होती. पॅपर्ट यांचं कासव मुलांचा हुकूम ऐकणारं होतं. जमिनीवर कागद पसरायचा, पोटाखाली पेन लावलेलं कासव त्यावर चालायचं आणि मागे रेघ उमटायची. स्क्रीनवरचा त्रिकोण हा त्या खऱ्या कासवाचा धाकटा भाऊ.

आता ह्यात विशेष काय, असं वाटेल. वर्तुळाचं उदाहरण घ्या. आपल्याला वर्तुळ म्हणजे एक्स स्क्वेअर प्लस वाय स्क्वेअर. आठ वर्षांच्या पोराला हे कुठून कळणार? पॅपर्ट यांची पद्धत अशी की पोराने विचारलं, कासवाकडून वर्तुळ कसं काढून घेऊ, तर उत्तर द्यायचं नाही. म्हणायचं, तू स्वतः कासव हो आणि गोल चाल. पोरगं चालतं आणि त्याला पायांना कळतं की आपण थोडं पुढे जातोय, थोडं वळतोय, पुन्हा थोडं पुढे, पुन्हा थोडं वळतोय. झालं! फॉरवर्ड १, राइट १, असं ३६० वेळा. ना केंद्र लागलं, ना त्रिज्या, ना पाय. आणि जरा नीट बघितलं तर हे चक्क कॅल्क्युलस आहे. प्रत्येक बिंदूशी वळण किती, एवढंच माहीत असून अख्खा आकार तयार होतो. एम-वनच्या पेपरला कर्व्हेचर काढताना हे कुणी सांगितलं असतं तर!

दुसरं उदाहरण चुकीचं, आणि मला तेच जास्त आवडतं. पोराला घर काढायचंय. चौकोन जमला. त्यावर त्रिकोणाचं छप्पर हवं. समभुज त्रिकोणाचा कोन ६०, म्हणून ते राइट ६० देतं आणि त्रिकोण होतच नाही, रेघा भलतीकडेच पसरतात. कारण कासव आतला कोन मोजत नाही, ते जितकं वळतं तितकं मोजतं, आणि टोकाशी वळायला १२० लागतात. शाळेच्या वहीत ह्यावर लाल फुली बसली असती. इथे फुली मारणारं कुणी नाही. कासवाने सांगितलेलंच केलं, मग बिघडलं कुठे ते पोरगं शोधायला लागतं. ह्याला आपण डिबगिंग म्हणतो. पॅपर्ट म्हणत की डिबगिंग ही कॉम्प्युटरने मुलांना देण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट. मला येतं किंवा मला येत नाही, असे दोनच कप्पे मुलांच्या डोक्यात असतात. डिबगिंगने तिसरा कप्पा तयार होतो, अजून जमलेलं नाही पण कुठे अडलंय ते बघूया. पॅपर्ट स्वतः हातात चेंडू झेलत उडवायची सर्कशीतली कला शिकले होते आणि तीसुद्धा लोकांना ते अशीच शिकवत, तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यातली चूक वेगळी काढून.

१९८० मध्ये त्यांचं माइंडस्टॉर्म्स हे पुस्तक आलं, वर सांगितलेलं बरंचसं त्यातलंच. त्याच सुमाराला घरगुती कॉम्प्युटर स्वस्त झाले, त्यांच्यावर लोगो चालायला लागलं आणि अमेरिकेत, इंग्लंडमध्ये हजारो शाळांत कासव पोचलं. पॅपर्ट निकोलस निग्रोपॉन्टे यांच्याबरोबर पॅरिसच्या एका सरकारी केंद्रात गेले आणि सेनेगलमध्ये डाकारच्या मुलांना लोगो देऊन पाहिलं. कॉम्प्युटर ही फक्त श्रीमंत देशांची चैन नाही असं त्यांना दाखवायचं होतं. पॅरिसचं प्रकरण राजकारणात अडकलं आणि वर्षभरात ते परतले.

मग टीका सुरू झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख नुसती आरती होईल. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कुरलँड यांनी तपासून पाहिलं की लोगो शिकलेल्या मुलांना आखणी करून काम करणं इतरांपेक्षा चांगलं जमतं का. फरक दिसला नाही. बऱ्याच लोकांना हे पुरेसं होतं, कासवाचा फुगा फुटला म्हणून. पॅपर्ट यांचं उत्तर असं की प्रश्नच चुकीचा आहे. लाकडाने घर चांगलं होतं का, असं कुणी विचारत नाही. घर सुतार बांधतो. लोगो हे लाकूड आहे, वर्गात त्याचं काय करता ते महत्त्वाचं.

मला हे उत्तर अर्धंच पटतं. लाकूड देऊन सुतार होत नाही हे खरं, पण मग सुतारकी कोण शिकवणार? शिक्षकाला वेळ कोण देणार, साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं छप्पर कोण बघणार? पॅपर्ट यांनी ह्यावर लिहिलं नाही असं नाही, पण त्यांचा जीव मुलांमध्ये जेवढा होता तेवढा शिक्षकांच्या अडचणींमध्ये नव्हता, असं मला वाचताना वाटत राहिलं. आई प्रायमरी टीचर असल्याचाही हा परिणाम असेल.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला शब्दशः आपल्यावर लिहिल्यासारखा वाटला. १९९३ च्या पुस्तकात ते सांगतात की सुरुवातीला शाळेत कॉम्प्युटर आणला तो एखाद्या हौशी शिक्षकाने, आपल्याच वर्गाच्या कोपऱ्यात ठेवला, मुलं त्यावर गणित, चित्र, गोष्टी सगळं करायची. मग शाळेच्या लक्षात आलं की हे प्रकरण धोक्याचं आहे. तिने सगळे कॉम्प्युटर गोळा करून एका खोलीत कोंडले, खोलीला नाव दिलं, वेगळा शिक्षक नेमला, आठवड्याला एक तास, सिलॅबस, परीक्षा. शरीरात बाहेरचं काही शिरलं की पांढऱ्या पेशी जशा त्याला वेढून टाकतात, अगदी तसं. जे सगळे विषय बदलणार होतं त्याचाच एक विषय करून टाकला! आठवा, बूट बाहेर काढून, रांगेत, एसीच्या खोलीत, एका कॉम्प्युटरवर तिघी. माऊस जिच्या हातात ती राणी.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या क्लासेसच्या जाहिराती सगळ्यांनी बघितल्या. लवकर शिका, कंपनी काढा, करोडपती व्हा. तेव्हापासून माझ्या मावशीच्या डोक्यात ते बसलंय. मी इंजिनिअरिंगला म्हणून मलाच विचारते की पिंट्याला कुठला क्लास लावू, तो आता पहिलीत आहे. मी तिला म्हटलं, मावशी, पैसे राहू देत, आधी त्याला घरभर कासव होऊन चालायला लाव आणि तू त्याला हुकूम सोड. ती म्हणाली, हे काय इंजिनिअरिंग! पण रविवारी फोन आला की पिंट्या आता तिलाच कासव करतो आणि सोफ्यावर आपटवतो. पॅपर्ट यांना ह्यात नक्की रस वाटला असता, कारण त्यांचा मुख्य प्रश्न हाच होता की हुकूम कोण कुणाला सोडतंय. मूल कॉम्प्युटरला, की कॉम्प्युटर मुलाला? स्क्रीनवर प्रश्न येतो, मूल बटण दाबतं, बरोबर असेल तर स्टार मिळतो, ह्याला ते कॉम्प्युटर शिकणं म्हणतच नसत. वय दोन आहे की बारा, हा त्यांच्यासाठी नंतरचा प्रश्न होता.

१९८५ मध्ये एमआयटीत मीडिया लॅब सुरू झाली, पॅपर्ट तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. डेन्मार्कच्या लेगो कंपनीशी त्यांचं जमलं आणि ठोकळ्यांना मोटर आणि सेन्सर आले. १९९८ मध्ये कंपनीने रोबोटचा सेट काढला तो पॅपर्ट यांच्याच पुस्तकाच्या नावाने, लेगो माइंडस्टॉर्म्स. आपल्या रोबोटिक्स क्लबच्या सीनिअर्सनी ह्यावर हात साफ केलेला आहे. २०२२ च्या शेवटी तो सेट बंद झाला. मुलांची स्क्रॅच लँग्वेज २००७ मध्ये मीडिया लॅबमधूनच आली, ती बनवणाऱ्या मिचेल रेझ्निक यांच्यावर पॅपर्ट यांचा मोठा प्रभाव. आणि पायथनमध्ये इम्पोर्ट टर्टल लिहून बघा, तेच कासव चालत येतं.

म्हातारपणी ते मेन ह्या राज्यात ब्लू हिल गावी राहायला गेले. पण स्वस्थ कुठले बसणार? तिथल्या बालगुन्हेगारांच्या कोठडीत त्यांनी एक प्रयोगशाळा काढली, शाळेने ओवाळून टाकलेली पोरं तिथे लेगोची यंत्रं बनवायची. गव्हर्नर अँगस किंग यांच्या मागे लागून, सातवीतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्या, अर्धवट देऊ नका, एकाला एक द्या, असा आग्रह धरला. २००२ मध्ये राज्याने ते केलं, सुमारे १७,००० मुलांना लॅपटॉप मिळाले. पाच मुलांत एक पेन्सिल दिली तर लिहिणं कसं येईल, हा त्यांचा जुना मुद्दा. २००५ मध्ये निग्रोपॉन्टे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉपची योजना जाहीर केली, तिच्यामागेही पॅपर्ट होतेच. भारत सरकारने २००६ मध्ये ती नाकारली. तरी २००७ मध्ये तिचा भारतातला पहिला प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्याशा शाळेत. पेरू देशात लाखो लॅपटॉप वाटले गेले, पण २०१२ मध्ये तपासणी झाली तेव्हा गणित आणि भाषेच्या मार्कांत सुधारणा सापडली नाही. पुन्हा तोच प्रश्न, सुतार कुठे आहे?

पेरूचं हे उत्तर पॅपर्ट देऊ शकले नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये ते गणित शिक्षणाच्या एका परिषदेसाठी व्हिएतनाममध्ये हनोईला गेले होते. हनोईच्या रस्त्यांवर मोटरसायकलींचा अक्षरशः पूर असतो, तरी सगळं कसं वाहत राहतं. प्रत्येक गाडी साधेसोपे दोन-चार नियम पाळते आणि त्यातून हा प्रवाह तयार होतो, मग हे कॉम्प्युटरवर कसं मांडता येईल? लोगोच्या हजारो कासवांसारखंच हे. बरोबरच्या सहकाऱ्याशी पॅपर्ट ह्याच मॉडेलवर बोलत होते. आणि अशाच एका रस्त्यावर त्यांना मोटरसायकलची धडक बसली. वय ७८. डोक्याला जबर मार, ऑपरेशन, कोमा. विमानाने अमेरिकेत आणलं. ते शुद्धीवर आले, पण चालणं, बोलणं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. मुलं कशी शिकतात ह्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला म्हातारपणी शब्द एकेक करून परत गोळा करावे लागले. थोडे जमले, बरेच नाही. भाषणं, लेख, वाद सगळं थांबलं. हॉस्पिटलमधून सुटल्यावर पुढची वर्षं ते ब्लू हिलच्या घरीच होते.

३१ जुलै २०१६ रोजी तिथेच ते गेले. वय ८८. २९ फेब्रुवारीचे खरे वाढदिवस मोजले तर बावीस.